अक्षरांची बेरीज आणि ‘विक्रम’चे पाय

७ सप्टेंबर २०१९ रोजी, मध्यरात्र उलटल्यावर, चांद्रयान-२ चे लँडर चंद्रावर आदळले. २३ ऑगस्ट २०२३ रोजी चांद्रयान-३ चे लँडर तेथे अलगद उतरले. दोहोंचे नाव एकच, ‘विक्रम’. अंकज्योतिषाच्या प्रचलित तक्त्याप्रमाणे या नावाच्या रोमन अक्षरांची बेरीज १६, म्हणजे शेवटी ७. ती दोन्ही वेळा ७ च होती. (अपघाताची तारीखही ७ होती, हे कळताच एखादा अंकज्योतिषी मोहरून जाईल. त्याने यशस्वी अवतरणाचाही हिशेब द्यावा.) बदलले ते निराळेच. लँडरचे पाय मजबूत केले गेले, इंधन वाढवले गेले, पाचवे इंजिन वगळले गेले आणि उतरण्यासाठी नेमलेले क्षेत्र कितीतरी पट मोठे घेतले गेले.

तरीही अक्षरांची बेरीज हे ‘प्राचीन भारतीय विज्ञान’ असल्याचे सांगितले जाते आणि साक्षीला आर्यभटाला उभे केले जाते. ही साक्ष उलटणारी आहे. आर्यभटाने अक्षरांना मूल्ये दिली, त्यांची बेरीजही केली. त्याच्या ‘ख्युघृ’ या शब्दात ‘खु’चे २०,०००, ‘यु’चे ३,००,००० आणि ‘घृ’चे ४०,००,००० मिळून ४३,२०,००० होतात. एका युगातील सूर्याच्या भगणांची ही संख्या. पण ती शब्दातून उपजलेली नाही. संख्या ज्योतिर्गणितातून आधी ठरली. श्लोकात बसावी, पाठ व्हावी म्हणून शब्द मागाहून घडवला. कटपयादीचेही तेच. कर्नाटक संगीतात ‘मेचकल्याणी’तील ‘मे’चे ५ आणि ‘च’चे ६ उलट क्रमाने वाचले की ६५ वा मेळकर्ता मिळतो. तेथे तर बेरीजही नाही, केवळ स्थानमूल्य आहे. ‘मेचकल्याणी’मुळे रागाचे भाग्य उजळते, असे कोणत्याही गायकाने मानलेले नाही.

आज दुकानात वापरला जाणारा तक्ता बहुतांशी ‘चीरो’ या टोपणनावाच्या आयरिश हस्तसामुद्रिकाने लोकप्रिय केलेला. त्यात देवनागरीला स्थानच नाही. मोजायची ती इंग्रजी स्पेलिंगची अक्षरे. या तक्त्यानुसार कलकत्त्याच्या जुन्या इंग्रजी स्पेलिंगची बेरीज २५, म्हणजे ७. २००१ साली अधिकृत झालेल्या ‘कोलकाता’ची २०, म्हणजे २. बंगाली माणूस त्याआधीही कोलकाताच म्हणत होता. मग शहराचे नशीब त्याच्या उच्चारात होते की सरकारी पाटीवरच्या स्पेलिंगमध्ये?

अंकांची बेरीज एकच अंक उरेपर्यंत करत जाणे म्हणजे ९ ने भागून बाकी पाहणे (बाकी शून्य आली तर ९). एवढेच त्यामागचे गणित. १४० कोटींहून अधिक माणसे नऊ कप्प्यांत कोंबली, तर एकेका कप्प्यात सरासरी पंधरा कोटींहून अधिक येतात. ‘ख्युघृ’वरून जाणकार मूळ संख्येपर्यंत अचूक पोहोचतो, ७ या अंकावरून मूळ नावापर्यंत कोणीही पोहोचू शकत नाही. अर्थ साठवणारी पद्धत आणि अर्थ पुसून टाकणारी पद्धत यांना एकाच परंपरेचे नाव देणे हा आर्यभटाचा गौरव नव्हे.

या व्यवहारात दक्षिणा सल्लागाराला मिळते. नावात जादा ‘ए’ घातलेले मूल मोठे झाल्यावर जन्मदाखला, आधार आणि पासपोर्ट यांतील स्पेलिंग जुळेना म्हणून प्रतिज्ञापत्र हाती घेऊन रांगेत उभे राहते, तेव्हा सल्लागार तेथे नसतो.