पाचवीच्या आधी

काल मराठी भाषा गौरव दिन साजरा झाला, आज राष्ट्रीय विज्ञान दिन आहे. आणि फेब्रुवारीचा हा अखेरचा दिवस 2008 पासून दुर्मीळ आजारांचा दिवस म्हणूनही पाळला जातो. सांगलीच्या मार्केट यार्डात नवी हळद येऊ लागली आहे, कऱ्हाड-वाळव्याच्या शिवारांतली ऊसतोड सरत आली आहे. सुगीच्या अशा भरल्या दिवसांत, ज्यांच्या पानात वाटीभर वरणही तोलूनमापून पडते, त्या लेकरांची आठवण आपण आवर्जून काढायला हवी.

फिनाइलकीटोनुरिया हा अशा दुर्मीळ आजारांतला एक, जन्मजात. बाळ गुटगुटीत जन्मते, पण त्याच्या यकृतातले एक विकर काम करत नाही. डाळ, दूध, अंडी, मटण यांतल्या प्रथिनांमधला फिनाइलअॅलनिन हा घटक मग रक्तात साठत जातो आणि वाढत्या मेंदूला इजा करतो. उपाय औषधाच्या बाटलीत कमी आणि ताटात जास्त आहे. तो घटक वगळून केलेली अमिनो आम्लांची पावडर द्यायची, आणि बाकीचा घास हिशेबाने. 1951 च्या सुमारास बर्मिंगहॅममध्ये हॉर्स्ट बिकेल या डॉक्टरांनी असा आहार पहिल्यांदा दिला, तो एका आईने रोज सकाळी प्रयोगशाळेच्या दाराशी उभे राहून धरलेल्या हट्टापायी. तिची मुलगी त्या आहारावर रांगू लागली. शोधाचे श्रेय आपण डॉक्टरांना देतो. त्या आईचाही त्यात वाटा आहे.

पण दूध-अंडी-मटण सुटले की त्यांच्याबरोबर ब-12, सेलेनियम, कार्निटिनही सुटते. एकीकडे रक्तातले जहाल घटक, दुसरीकडे ही उणीव. त्यातून पेशींवर ताण येतो आणि शरीरात दाह मंद धुमसत राहतो. ब्राझीलमधल्या पोर्तो अलेग्रेच्या संशोधकांनी अशा रुग्णांना कार्निटिन आणि सेलेनियम दिले, तेव्हा हा ताण उतरलेला दिसला. प्रयोग लहान होता, तरी आशेला जागा देणारा होता.

दाह म्हटले की आपल्याला हळद आठवणारच. सांगलीजवळच्या हरिपूरच्या पेवांत पिढ्यान्‌पिढ्या हळद साठवलेल्या, 2018 मध्ये हळदीला भौगोलिक मानांकन मिळवलेल्या या मातीत ते साहजिकच आहे. दुखऱ्या जागी हळदीचा लेप आणि खोकल्याला हळदीचे दूध हे आपले घरचे वैद्यक, ते आपण जपूच. मात्र हळदीतले कुर्क्युमिन पोटातून रक्तात फार थोडे उतरते, आणि ज्या बाळाला दूधच मोजून द्यायचे त्याच्या हाती हळदीच्या दुधाचा पेला देता येत नाही. त्याहून घातक असतो तो मायेने दिलेला सल्ला: ‘खाल्लेलं अंगी लागत नाही ना, मग प्रोटीन पावडर सुरू करा.’ या मुलांना तीच पावडर बाधते. चयापचयाच्या डॉक्टरांना आणि आहारतज्ज्ञांना विचारल्याखेरीज एकही डबा उघडायचा नाही, हे आजी-आजोबांनी आणि मावश्यांनीही मनावर घ्यावे.

मामाची मुलगी करण्याची रीत आपल्याकडे जुनी आहे, नात्यांची वीण तिने घट्ट ठेवली आहे. पण एकाच आजी-आजोबांकडून सदोष जनुक दोघांकडे आला, तर दर गरोदरपणात चारांत एक असा धोका राहतो. सोयरीक ठरवताना, घरात आधी एखाद्या मुलाला असा आजार झाला असेल तर ते लपवू नये; त्यात कुणाच्या कुळाला बट्टा नाही.

आणि शासनाचे कर्तव्य? 2021 च्या राष्ट्रीय धोरणाने विशेष आहारावर निभावणाऱ्या आजारांचा भार उचलण्याचा विचार राज्यांवर सोपवला. मुंबईचे केईएम त्या धोरणातले उत्कृष्टता केंद्र आहे. पण जत, आटपाडी, माण, खटावहून मुंबई लांब पडते. शेजारच्या गोव्याने 2008 मध्येच अशा आजारांसाठी नवजातांची तपासणी हाती घेतली होती. पाचवीच्या रात्री सटवाई कपाळी लेख लिहिते असे आपण मानतो आणि पाटावर कोरा कागद ठेवतो. ही तपासणी त्याआधीच, जन्मानंतर चोवीस ते बहात्तर तासांत व्हायची असते: टाचेतून काढलेले रक्ताचे काही थेंब जाड गाळणकागदावर टिपायचे, कागद सुकवायचा, प्रयोगशाळेला पाठवायचा. येत्या वर्षभरात सांगली-सातारा या दोन्ही जिल्ह्यांतल्या प्रत्येक प्राथमिक आरोग्य केंद्रात तो कागद पोचावा, आणि दोष निघालाच तर अमिनो आम्लांच्या पावडरीचा पहिला डबा त्याच तालुक्यात हाती पडावा.