म्युझिक थेरपी म्हणजे गाण्याची शिकवणी नव्हे

नातवाला ऑटिझम आहे, त्याला म्युझिक थेरपी लावली आहे, असे कोणी सांगितले की पुढचा प्रश्न ठरलेला: "मग आता गातो का?" माझ्या मते हा प्रश्न विचारूच नये.

थेरपिस्ट मुलाला गाणे शिकवत नाही, त्याच्यामागून जातो. मूल टेबलावर टकटक करत असेल, तर तोच ठेका तो वाद्यावर धरतो. मूल थांबले की तोही थांबतो. आपण काही केले की समोरून उत्तर येते, हे न बोलणाऱ्या मुलालाही कळते. आधी तुझी पाळी, मग माझी, ही संभाषणाची पहिली पायरी आहे आणि ती शब्दांशिवाय चढता येते.

चमत्काराची आशा मात्र धरू नये. इस्रायलसह 9 देशांतील 364 मुलांच्या अभ्यासात (2017) पाच महिन्यांनंतर सामाजिक लक्षणांत विशेष फरक दिसला नाही. उलट 26 अभ्यास एकत्र तपासणाऱ्या 2022 च्या कॉक्रेन आढाव्यात एकूण सुधारणा आणि जीवनमान यांत फायदा संभवतो, असे आढळले. म्हणून स्पीच थेरपी बंद करून नव्हे, तर तिच्या जोडीला संगीत असावे. स्किझोफ्रेनियासारख्या मानसिक आजारातही ते औषधांच्या जोडीलाच उपयोगी पडते.

आता आपल्या घरातली गोष्ट. "मुलाशी फक्त हिब्रूत बोला, दोन भाषांनी तो गोंधळेल," हा सल्ला मी अनेकदा ऐकला आहे. तो ऐकून आपल्या कितीतरी आज्या नातवाजवळ गप्प बसतात. दोन भाषांमुळे ऑटिझम असलेल्या मुलांचे नुकसान होते, असे संशोधनात दिसलेले नाही. आजी, तुम्ही पाळणा म्हणा. मलिद्याच्या वेळी घरात म्हटली जाणारी एलियाहू हन्नाबीची गाणी फोनवर रेकॉर्ड करून थेरपिस्टला द्या. मुलाच्या ओळखीची चाल कोणती, हे त्यांना तुमच्याशिवाय कोण सांगणार?

आणि एक विनंती आपल्या मंडळींना. हॉलमध्ये लाउडस्पीकर लागला की असे मूल कान झाकते, ओरडते. ते हट्टी नाही, त्याला तो आवाज सोसत नाही. आवाज थोडा कमी करा, बाजूला एक शांत खोली ठेवा. नाहीतर आईवडील त्याला घरीच ठेवतात, आणि हळूहळू तेही यायचे बंद होतात.