वाचनाचे अंगण

डोंबिवली-कल्याण परिसरात पहिलीत न गेलेल्या मुलांनाही अक्षरओळखीसाठी शिकवणीला धाडण्याची प्रथा रूढ होत आहे. पालकांचा दिवस लोकलगाडीत व कचेरीत सरतो. वेळेची उणीव पैशाने भरून काढावी, असा हा हिशेब. अर्थशास्त्राच्या अध्यापकाला तो समजतो. पण पटत नाही.

देवनागरीत अक्षर व उच्चार यांचा मेळ बराचसा नियमित असल्याने मुळाक्षरे शिकवणीत घोकून घेता येतील. परंतु वाचलेल्या शब्दाला अर्थ लाभतो, तो मुलाने आधी ऐकलेल्या भाषेतून; आणि ती भाषा घरातच साठते. रोज पंधरा मिनिटे मुलाला जवळ घेऊन गोष्ट वाचावी, ओळीखालून बोट फिरवावे, त्याच्या नावातील अक्षरे त्यालाच शोधू द्यावीत. चुकल्यास रागावू नये.

ताराबाई मोडक व अनुताई वाघ यांनी १९४५ साली तत्कालीन ठाणे जिल्ह्यातील बोर्डी येथे बालशिक्षणाचे कार्य आरंभिले. मूल बालवाडीत येत नसेल, तर बालवाडीने त्याच्या अंगणात जावे, या विचारातून अंगणवाडी जन्मली. आपण मात्र घरातले मूल शिकवणीच्या दारात नेऊन सोडतो.

रात्री उशिरा परतणाऱ्यास पंधरा मिनिटेही जड जातात, हे खरे. तेथे आजी-आजोबांनी वा थोरल्या भावंडाने हा भार उचलावा. पुस्तकांसाठी कल्याणचे १८६४ पासूनचे सार्वजनिक वाचनालय आणि ठाण्याचे १८९३ पासूनचे मराठी ग्रंथसंग्रहालय आहेच. शिकवणीच्या शुल्काचा विचार करण्यापूर्वी वाचनालयाच्या वर्गणीचा विचार व्हावा.