लहान घरमालक आणि आपण

राज्यघटनेच्या कलम ३९ (ब) मधील 'समाजाची भौतिक साधनसंपत्ती' या शब्दांत प्रत्येक खासगी मालमत्ता येत नाही, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींच्या घटनापीठाने ५ नोव्हेंबर २०२४ रोजी बहुमताने दिला. त्यावर समाजवादी वर्तुळात पुष्कळ चर्चा झाली. परंतु हा वाद मुळात मुंबईतील मोडकळीस आलेल्या उपकरप्राप्त इमारतींवरून उत्पन्न झाला होता, याचे स्मरण त्या चर्चेत फारसे कोणी ठेवले नाही. मासिक भाड्याच्या शंभर पट रक्कम देऊन अशा इमारती भाडेकरूंच्या सहकारी संस्थांसाठी संपादन करण्याची तरतूद १९८६ साली म्हाडा कायद्यात झाली आणि तिच्याविरुद्ध मालक न्यायालयात गेले. वीस रुपये भाड्याच्या खोलीची किंमत या हिशेबाने दोन हजार रुपये होते. घटनेच्या अन्वयार्थाचा प्रश्न महत्त्वाचा आहेच; पण हा हिशेब कोणाच्या माथी बसतो, हेही पाहिले पाहिजे.

भाडेनियंत्रणाचा जन्म युद्धकालीन टंचाईतून झाला. मुंबईत असा पहिला कायदा १९१८ साली आला. १९४७ च्या कायद्याने भाडी सामान्यतः सप्टेंबर १९४० च्या पातळीवर गोठविली. त्या काळी ते न्याय्यच होते. हे संरक्षण नसते, तर गिरणगावातील कामगार आणि पेठांतील कारकून रस्त्यावर आला असता. त्या लढ्यांत आपल्या चळवळीने घेतलेल्या भागाबद्दल पश्चात्तापाचे कारण नाही. चूक झाली ती नंतर. टंचाईवरचा तात्पुरता उपाय अर्धशतक कायम राहिला. डिसेंबर १९९७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ही गोठवणूक कालौघात अवाजवी ठरल्याचे सांगितले, तेव्हा १९९९ चा नवा कायदा झाला. तो ३१ मार्च २००० पासून अमलात आला व त्याने वर्षाला चार टक्के वाढ दिली. ही वाढ चक्रवाढीने धरली, तरी वीस रुपयांचे पंचवीस वर्षांत त्रेपन्न रुपये होतात. तेवढ्यात गवंड्याची अर्ध्या दिवसाची मजुरीही भागत नाही.

प्रस्तुत लेखकाचे बालपण पुण्यातील एका वाड्यात, भाडेकरूच्या दोन खोल्यांत गेले. भाडे बारा रुपये होते. मालकीणबाई विधवा होत्या आणि त्याच वाड्यातील एका अंधाऱ्या खोलीत राहत. पावसाळ्यापूर्वी कौले शाकारायची, तर साऱ्या वाड्याचे दोन महिन्यांचे भाडे त्यात जाई. दुरुस्ती मालकाने केलीच पाहिजे, असे आमचे वडील ठणकावून सांगत आणि कायद्याने ते बरोबर होते. पुढे आम्ही सहकारी सोसायटीत स्वतःचे घर घेतले, तरी वाड्यातील खोल्यांना वीस वर्षे कुलूप लावून ठेवले. अखेर वाडा बांधकाम व्यावसायिकाच्या हाती गेला. खोल्या सोडण्याबद्दल आम्हाला मिळालेली रक्कम, आम्ही मालकीणबाईंना जन्मभर दिलेल्या भाड्याच्या कितीतरी पट होती. अर्थशास्त्र शिकविण्यात आयुष्य गेलेल्या माणसाला, त्या वाड्यात शोषक कोण होता हे आज खात्रीने सांगता येत नाही.

एंगल्सने १८७२ साली घरांच्या प्रश्नावर लिहिताना, घरमालक आणि भाडेकरू यांचा संबंध म्हणजे भांडवलदार आणि कामगार यांचा संबंध नव्हे, असे बजावले होते. आपण मात्र 'मालक' या एका शब्दाखाली शेकडो खोल्यांचा धनी आणि दोन खोल्यांच्या भाड्यावर जगणारी वृद्धा यांना एकाच रांगेत उभे केले. स्वस्त निवारा देणे हे समाजाचे कर्तव्य होते. शासनाने तो बोजा मालकांवर टाकून आपली तिजोरी मोकळी ठेवली. मोठ्या मालकाने पागडीतून वाट काढली. लहान मालकाने दुरुस्ती थांबविली. भिंत कोसळली तेव्हा तिच्याखाली भाडेकरूच सापडला. मुंबई शहरात निदान १९६९ च्या कायद्याने उपकर आणि दुरुस्ती मंडळ आले; पुणे, सोलापूर, कोल्हापूर येथील वाड्यांच्या वाट्याला तेही आले नाही. स्वतःच्या मुलासाठी खोली हवी म्हणून केलेला दावा, अपिलांसह निकालात निघेपर्यंत तो मुलगा निवृत्तीला टेकतो.

आजचा लहान मालक बहुधा निराळा आहे. भविष्यनिर्वाह निधीतून किंवा कर्ज काढून दुसरी सदनिका घेतलेला निवृत्त शिक्षक अथवा परिचारिका हा त्याचा नमुना. निवृत्तिवेतन अपुरे, म्हणून हे भाडेच त्यांचा आधार असते. कर्जाचा हप्ता, सोसायटीचे शुल्क, दलाली आणि घर रिकामे राहिलेले महिने वजा जाता हाती थोडेच उरते. करार लेखी करून नोंदविण्याची जबाबदारी मालकाची; ती चुकली तर अटींबाबत भाडेकरूचे म्हणणे ग्राह्य धरले जाते आणि शिक्षेचीही तरतूद आहे. १९७३ च्या दुरुस्तीने परवानाधारक एका रात्रीत संरक्षित भाडेकरू झाले, ती धास्तीही अजून पुरती गेलेली नाही. २०११ च्या जनगणनेत शहरी भारतात एक कोटी दहा लाखांहून अधिक घरे रिकामी आढळली. त्यांतील बरीच सट्टेबाजीमुळे असतील, परंतु काहींना भीतीचेच कुलूप आहे.

लहान मालकाची कैफियत मांडताना त्याचे दोष झाकण्याचे कारण नाही. मुसलमान, दलित, एकटी स्त्री यांना घर नाकारण्यात तो मोठ्या मालकाच्या मागे नाही. अवाजवी अनामत घेऊन ती परत करताना खळखळ करणारेही त्याच्यातच आहेत. समाजवाद्यांनी त्याची बाजू घ्यावी ती या अटीवर, की तोही नागरिकाचे कर्तव्य मानील.

मग आपली भूमिका काय असावी? केंद्र सरकारने २०२१ साली मंजूर केलेला आदर्श भाडेकरार कायदा सारे काही बाजारावर सोपवू पाहतो. तो मार्ग आपला नव्हे. संरक्षण खोलीला न देता माणसाला दिले पाहिजे. ज्याचे उत्पन्न अल्प आहे त्याचे भाडे अल्पच राहावे, पण वाजवी भाड्यातील तफावत सार्वजनिक निधीतून भरून निघावी. ज्याची ऐपत आहे त्याने वाजवी भाडे द्यावे, आणि ज्याने खोली कुलपात ठेवली आहे त्याचे संरक्षण संपावे. जुन्या इमारतींच्या दुरुस्तीसाठी सर्व शहरांत निधी उभारावा व सहकारी बँकांमार्फत अल्प व्याजाने कर्जे द्यावीत. भाड्याचे दावे ठरावीक मुदतीत निकालात काढावेत. जात वा धर्म पाहून घर नाकारणे दंडनीय ठरवावे.

या सर्वांच्या मुळाशी आहे तो सार्वजनिक भाड्याच्या घरांचा अभाव. परक्या सरकारनेही वरळी-नायगावला बीडीडी चाळी बांधून कामगारांना भाड्याने खोल्या दिल्या होत्या. स्वतंत्र भारताने १९५२ साली औद्योगिक कामगारांच्या घरांची योजना आखली खरी, पण पुढे शासनाने भाड्याची घरे बांधण्यातून अंग काढून घेतले. आपल्याही चळवळीचे मोठे यश, गोरेगावच्या दिंडोशीतील नागरी निवारा, हे भाड्याचे नव्हे तर सभासदांच्या सहकारी मालकीचे आहे. ज्याच्यापाशी सभासदत्वाचेही पैसे नाहीत, त्याने जायचे कोठे, हा प्रश्न आपण अनुत्तरितच ठेवला.

पुनर्विकासाच्या नावाखाली आज भाडेकरू आणि लहान मालक यांना एकमेकांविरुद्ध झुंजविले जात आहे. दोघे थकले की जमीन तिसऱ्याच्याच हाती पडते. कार्यकर्त्यांनी आपल्या वॉर्डातील एकेका जुन्या इमारतीत जाऊन भाडेकरूंची सभा घ्यावी आणि त्या सभेला मालकालाही बोलवावे. तो आला, तर त्याचा जमाखर्च ऐकून घ्यावा. त्यातून निम्मे गैरसमज दूर होतील आणि राहिलेल्या निम्म्यांसाठी लढा कोणाशी द्यायचा, हे दोघांनाही कळेल.