गुरुग्राम : पायवाटेची नोंद कोण ठेवणार?

अडथळाविरहित पदपथावरून चालता येणे हा राज्यघटनेच्या २१व्या अनुच्छेदाने दिलेल्या जीविताच्या अधिकाराचा भाग आहे, असे सर्वोच्च न्यायालयाने १४ मे २०२५ रोजी स्पष्ट केले. न्यायमूर्ती अभय ओक आणि न्यायमूर्ती उज्ज्वल भुयान यांच्या पीठाचा तो आदेश होता. त्यानंतर ७ ऑक्टोबर २०२५ रोजी याच न्यायालयाच्या दुसऱ्या पीठाने, पादचाऱ्यांच्या सुरक्षिततेसाठी मोटार वाहन कायद्याखालील नियम सहा महिन्यांत तयार करावेत, असे सर्व राज्यांना फर्मावले. या आदेशांमागचे कारण उघड आहे. केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाच्या आकडेवारीनुसार २०२२ या एका वर्षात देशातील रस्ते अपघातांत १ लाख ६८ हजार ४९१ जण मृत्युमुखी पडले. त्यांपैकी ३२ हजार ८२५ जण पायी चालणारे होते.

हे आदेश ज्या शहरांना सर्वाधिक लागू पडावेत, त्यांत दिल्लीच्या सीमेवरील गुरुग्रामचा क्रमांक बराच वरचा आहे. काचेचे मनोरे, बहुराष्ट्रीय कंपन्यांची कार्यालये आणि १६ पदरी रस्ते असलेल्या या शहरात चालत जाण्याची सोय मात्र नंतर सुचलेल्या विचारासारखी, जमेल तेथे जोडलेली दिसते. तरीही चालण्याच्या हक्कासाठी देशात जे काही मोजके नागरी प्रयत्न झाले, त्यांतील दोन-तीन ठळक प्रयत्न याच शहरातले आहेत, आणि ते प्रामुख्याने स्वयंसेवकांनी उभे केले आहेत. त्यांनी काय मिळवले आणि कोणत्या ठिकाणी त्यांचे हात अपुरे पडतात, हे पाहण्याजोगे आहे.

चक्करपूर आणि वझिराबाद ही गुरुग्रामच्या पोटात सामावलेली जुनी गावे. या दोहोंमध्ये सुमारे सव्वापाच किलोमीटर लांबीचा एक मातीचा बांध आहे. अरवलीच्या उतारावरून पावसाळ्यात धावत येणारे पाणी अडवून ते जमिनीत मुरवावे, यासाठी इंग्रजी अमदानीत असे अनेक बांध या भागात घातले गेले. शहर वाढले तसे बहुतेक बांध इमारतींखाली गेले किंवा रस्त्यांसाठी कापले गेले. पाण्याची वाट मोडल्याचे परिणाम जुलै २०१६च्या अखेरीस सर्वांनी पाहिले. त्या पावसात दिल्ली-गुरुग्राम मार्गावर वाहने रात्रभर अडकून पडली होती. चक्करपूरचा बांध त्यातल्या त्यात शाबूत राहिला, पण कचरा, बांधकामाचा राडारोडा आणि अतिक्रमणे यांनी तो ओळखू येईनासा झाला होता. ‘आय ॲम गुरगाव’ या नागरिकांच्या संस्थेने महापालिकेच्या साथीने तो टप्प्याटप्प्याने मोकळा केला. दुतर्फा स्थानिक झाडे लावली, वर चालण्याची वाट तयार केली. आज सकाळी या वाटेवर फिरायला येणाऱ्यांपैकी अनेकांना आपण एका जुन्या बंधाऱ्यावरून चालत आहोत, याची कल्पनाही नसेल.

याच संस्थेचे त्याआधीचे काम अधिक परिचित आहे. दिल्लीच्या हद्दीला लागून असलेल्या, खाणींनी ओरबाडलेल्या टेकड्यांवर ५ जून २०१० रोजी ‘अरवली जैवविविधता उद्यान’ सुरू झाले. सुमारे ३९० एकरांच्या या जागेत तेव्हा खड्डे, दगडांचे ढीग आणि महाराष्ट्रात वेडी बाभूळ म्हणून ओळखली जाणारी विलायती किकर यांखेरीज फारसे काही नव्हते. लतिका ठुकराल आणि त्यांचे सहकारी, तसेच पर्यावरण अभ्यासक विजय धस्माना यांनी तेथे शोभेची बाग न करता अरवलीचे मूळ जंगल परत आणण्याचा निर्णय घेतला. धावड्याच्या कुळातील धाऊ, सालई, पळस, हिवर अशा झाडांची रोपे रोपवाटिकेत वाढवून ती लावण्यात आली. शाळकरी मुले, कंपन्यांचे कर्मचारी, निवृत्त गृहस्थ अशा हजारो हातांनी हे काम केले. २ फेब्रुवारी २०२२ रोजी या उद्यानाला, राष्ट्रीय उद्याने व अभयारण्यांच्या बाहेर राहूनही जैवविविधता टिकवणाऱ्या क्षेत्राचा आंतरराष्ट्रीय दर्जा मिळाला. भारतातील असे ते पहिलेच क्षेत्र ठरले.

तिसरा प्रयत्न रस्त्यावरचा. १७ नोव्हेंबर २०१३ रोजी ‘राहगिरी दिवस’ सुरू झाला. रविवारी सकाळी काही रस्ते मोटारींना बंद करून ते चालणारे, सायकलस्वार आणि खेळणारी मुले यांच्या स्वाधीन करण्याची ही कल्पना कोलंबियातील बोगोटा शहराच्या ‘सिक्लोव्हिया’ उपक्रमावरून घेतलेली होती. पुढील वर्षी ती दिल्लीच्या कॅनॉट प्लेसला पोहोचली आणि नोव्हेंबर २०१४ मध्ये मुंबईत वांद्रे-सांताक्रूझ परिसरात ‘इक्वल स्ट्रीट्स’ या नावाने अवतरली. उत्साह मोठा होता. मात्र रविवारी दुपारी अडथळे उचलले की सोमवारचा रस्ता पुन्हा पूर्वीसारखाच, ही टीकाही पहिल्यापासून होत आली आणि ती खोटी नव्हती.

या तिन्ही उपक्रमांची कहाणी कौतुकाची आहे. पण मूळ प्रश्न त्यांच्या पलीकडे, जमिनीच्या कागदपत्रांत दडलेला आहे.

गुरुग्रामची घडण इतर शहरांहून निराळी आहे. येथे आधी नगरपालिका आणि मग वस्त्या, असा क्रम राहिला नाही. १९७५च्या हरियाणा नागरी क्षेत्र विकास व नियमन कायद्याने खासगी विकासकांना परवाने देऊन वसाहती उभारण्याची मुभा दिली. वसाहतीतील रस्ते, उद्याने आणि मोकळ्या जागा विकासकाने बांधाव्यात, पूर्णत्वाचा दाखला मिळाल्यापासून पाच वर्षे त्यांची देखभाल करावी आणि मग त्या शासनाकडे वा स्थानिक संस्थेकडे सोपवाव्यात, अशी कायद्यातील तरतूद. महानगरपालिका आली ती थेट २००८ मध्ये. महानगर विकास प्राधिकरणाचा कायदा झाला २०१७ मध्ये. दरम्यान राज्याचे नगर विकास प्राधिकरण होतेच. परिणामी एकाच रस्त्याचा पदपथ कोठे विकासकाचा, कोठे पालिकेचा, तर कोठे प्राधिकरणाचा. फुटलेल्या फरशीची तक्रार करू पाहणाऱ्या नागरिकाला आधी ती फरशी कोणाची आहे, याचा शोध घ्यावा लागतो. स्वयंसेवकांचा निम्मा वेळ चालण्यात नव्हे, तर या खेट्यांत जातो.

त्याहून गुंतागुंतीचा विषय आहे तो महसुली रस्त्यांचा. हरियाणातील प्रत्येक गावाचा ‘शजरा’ म्हणजे गाव नकाशा असतो. जमिनींच्या एकत्रीकरणाच्या वेळी शेतांकडे, जोहडाकडे म्हणजे गावतळ्याकडे, शेजारच्या गावाकडे जाणाऱ्या वाटा त्यावर आखल्या गेल्या आणि जमाबंदीच्या कागदांत ‘गैरमुमकिन रास्ता’, म्हणजे लागवडीस अयोग्य अशी वाटेची जमीन, म्हणून नोंदल्या गेल्या. शेते विकसकांनी विकत घेतली. या वाटा कोणी विकू शकत नव्हते, कारण त्या गावाच्या सामायिक होत्या. पण वाटेच्या दोन्ही बाजूंची जमीन एकाच्याच ताब्यात आली, की मधली वाट कुंपणाच्या आत जाण्यास वेळ लागत नाही. गुरुग्रामच्या अनेक नव्या विभागांत असे महसुली रस्ते वसाहतींच्या फाटकांआड गेले, आणि त्यांचे वाद महसूल कार्यालयांपासून उच्च न्यायालयापर्यंत पोहोचले. नकाशावर रेघ आहे, जागेवर पहारेकऱ्याची चौकी आहे, अशी ही स्थिती.

गावाच्या सामायिक जमिनींवरील अतिक्रमणे नियमित करण्याच्या प्रवृत्तीला सर्वोच्च न्यायालयाने २८ जानेवारी २०११ रोजी जगपाल सिंग प्रकरणात आळा घातला होता आणि अशी अतिक्रमणे हटवण्यासाठी योजना आखण्याचे आदेश सर्व राज्यांना दिले होते. मात्र निकालाची अंमलबजावणी पटवाऱ्याच्या दप्तरापर्यंत पोहोचते तेव्हा तिचा वेग बैलगाडीचा होतो.

महाराष्ट्रातील वाचकांना ही गोष्ट अनोळखी वाटू नये. पाणंद, शिवरस्ता, गाडीवाट यांवरून होणारे तंटे तहसील कार्यालयांत रोज येतात. आपल्या गाव नकाशावर गाडीरस्ता तुटक दुहेरी रेघेने आणि पायवाट तुटक एकेरी रेघेने दाखवलेली असते. वहिवाटीचा रस्ता कोणी अडवला, तर १९०६च्या मामलेदार न्यायालय कायद्याच्या पाचव्या कलमाखाली सहा महिन्यांच्या आत तहसीलदारांकडे दाद मागता येते. अडचण एवढीच, की बांध फोडून वाट नांगरणारा शेजारी असतो आणि सहा महिने भीडेतच निघून जातात. शेतरस्त्यांची नोंद सातबाराच्या ‘इतर हक्क’ रकान्यात घेण्याचा राज्य शासनाने २०२५ मध्ये केलेला निर्णय या दृष्टीने महत्त्वाचा आहे. शहरातल्या पदपथाला मात्र सातबाराही नाही आणि इतर हक्कांचा रकानाही नाही.

पायवाटांची नोंद ठेवण्याचे काम इंग्लंडने कसे केले, याचा उल्लेख येथे अप्रस्तुत ठरणार नाही. २४ एप्रिल १९३२ रोजी मँचेस्टरजवळच्या किंडर स्काउट या डोंगरावर शेकडो कामगार तरुण जमीनदारांची बंदी झुगारून चढून गेले. त्यांच्यापैकी काहींना तुरुंगवास झाला. १९४९च्या कायद्याने स्थानिक प्रशासनांवर सार्वजनिक पायवाटांचे अधिकृत नकाशे तयार करण्याचे बंधन घातले. नकाशावर एकदा नोंद झाली, की तो हक्काचा निर्णायक पुरावा. लोकांनी एखादी वाट २० वर्षे विनाअडथळा वापरली, तर ती सार्वजनिक झाल्याचे तेथे गृहीत धरले जाते. या नोंदींसाठी जुने नकाशे धुंडाळणारे, वापराचे दाखले गोळा करणारे बहुतेक लोक चालण्याच्या मंडळांतील स्वयंसेवकच असतात. चालणे आणि कागद जमवणे ही तेथे एकाच कामाची दोन अंगे आहेत.

गुरुग्राममध्ये पहिले अंग भक्कम, दुसरे लंगडे. जैवविविधता उद्यान हे त्याचे उदाहरण. आधी लोकांनी जंगल उभे केले, मान्यता मागाहून आली. त्या जंगलातून महामार्ग नेण्याचा प्रस्ताव पुढे आला तेव्हा त्याला अडवण्यासाठी नागरिकांनाच रस्त्यावर उतरावे लागले. आंतरराष्ट्रीय दर्जा प्रतिष्ठेचा आहे खरा. पण अभयारण्याला वन्यजीव कायद्याचे जे कवच असते, ते त्यातून आपोआप मिळत नाही. उद्यानाच्या देखभालीसाठी २०२१ मध्ये एका मोठ्या वाहन कंपनीशी करार करण्यात आला. करार बदलू शकतात, वाटेचा हक्क बदलू नये, हा मुद्दा तेथील फिरणाऱ्यांनी तेव्हाही मांडला होता, असे नव्हे. पण तो आज ना उद्या त्यांना मांडावाच लागेल.

पुण्यात नेमका उलटा क्रम दिसतो. तेथील टेकड्यांवर ‘जैवविविधता उद्यान’ हे आरक्षण विकास आराखड्यात आहे. राज्य शासनाने २०१५ मध्ये ते कायम केले आणि त्याखालील क्षेत्र ९७० हेक्टरांहून अधिक आहे. कागद आहे, पण खासगी मालकीच्या जमिनी ताब्यात घेण्याचे काम रेंगाळले आणि आरक्षित उतारांवर घरे उठली. वेताळ टेकडीवर पहाटे फिरणाऱ्यांनी बालभारती ते पौड फाटा या प्रस्तावित रस्त्याविरुद्ध जी मोहीम चालवली, ती टेकडीच्या रोजच्या सवयीतून उभी राहिली आणि न्यायालयापर्यंत गेली. केवळ आरक्षण पुरत नाही, केवळ पावले पुरत नाहीत, हे या दोन शहरांकडे एकत्र पाहिल्यावर लक्षात येते.

स्वयंसेवी चळवळीची एक मर्यादा स्पष्टपणे नोंदवली पाहिजे. गुरुग्राममध्ये बांधावर सकाळी चालणारा आणि रस्त्याच्या कडेने सायंकाळी चालणारा हे बहुधा दोन वेगळे लोक असतात. पहिला आरोग्यासाठी चालतो आणि मोटारीने घरी परततो. दुसरी व्यक्ती घरकाम करणारी बाई असते, पहारेकरी असतो, उद्योग विहारातील कारखान्यातून सुटलेला कामगार असतो. त्याला चालण्यावाचून गत्यंतर नसते. वसाहतींची फाटके बंद झाली की वळसा यालाच पडतो. पदपथ मोकळे करण्याची मोहीम निघते तेव्हा सर्वप्रथम उचलला जातो तो फळवाल्याचा गाडा, ज्याला २०१४च्या पथविक्रेता कायद्याचे संरक्षण आहे. बंगल्यासमोर पदपथावर वाढवलेली हिरवळ, मोटारीसाठीचा उतार, जनित्राची पेटी आणि पहारेकऱ्याची खोली यांची पाळी नंतर येते, आली तर. भारतीय रस्ते काँग्रेसच्या मानकानुसार पदपथावर किमान १.८ मीटर रुंदी निर्वेध असावी. ही फूटपट्टी गाड्याला आणि हिरवळीला सारखीच लावली, तरच न्यायालयाच्या आदेशाला अर्थ राहील.

शहराबाहेरच्या वाटांचे भवितव्यही अधांतरी आहे. १९००च्या पंजाब भूसंरक्षण कायद्याखाली विशेष आदेश निघालेल्या जमिनींना वनजमिनीचे संरक्षण आहे, असा निर्वाळा सर्वोच्च न्यायालयाने २१ जुलै २०२२ रोजी दिला आणि अरवलीत भटकणाऱ्यांनी सुटकेचा श्वास टाकला. २० नोव्हेंबर २०२५ रोजी मात्र, सभोवतालच्या जमिनीपासून किमान १०० मीटर उंच असलेली टेकडी तीच अरवलीची, ही व्याख्या न्यायालयाने स्वीकारली. तीव्र विरोध झाल्यानंतर २९ डिसेंबर २०२५ रोजी न्यायालयानेच त्या आदेशाला स्थगिती दिली. गुरुग्राम परिसरातील फिरण्याच्या कित्येक वाटा ज्या बुटक्या टेकड्यांवरून जातात, त्या या मोजमापात कोठे बसतील, हा वादाचा गाभा आहे.

दरम्यान राज्यांनी करावयाच्या नियमांत पदपथाची रुंदी, उंची, ओलांडण्याच्या जागा हे सारे येईल. पदपथ नेमका कोणाच्या ताब्यात आहे आणि त्याच्या खालून जुना महसुली रस्ता जातो काय, याची यादी करण्याचे काम गुरुग्राममध्ये तरी अजून नकाशे हाती घेतलेल्या नागरिकांनाच शजऱ्यावरून करावे लागणार आहे. आणि त्या शजऱ्याची नक्कल मिळवण्यासाठी प्रथम पटवाऱ्याकडे अर्ज द्यावा लागतो.