पोरीला दगड फोडायला पाठवू का?

गेल्या रविवारी दादाचा साताऱ्याहून फोन आला. इकडे चेरीवूडला सकाळचे नऊ वाजले होते, बाहेर डब्लिनचा नेहमीचा भुरभुर पाऊस, आणि मी चहाचा कप घेऊन खिडकीशी. नमनाला घडाभर तेल न घालता दादा मुद्द्यावर आला. पुतणी बारावी झाली, मार्क चांगले पडले, आणि आता बाईसाहेबांना पुण्यात भूशास्त्र शिकायचंय. कॉम्प्युटर नको म्हणते.

"तू सांग तिला. तुझं ऐकते ती. पोरीला काय दगड फोडायला पाठवू का पुण्याला?"

मी लगेच काही बोललो नाही. बोललो तेव्हा भलतंच बोललो. त्याला एका किड्याची गोष्ट सांगितली. ती ऐकून दादा जे म्हणाला, त्यावरून माझं डोकं फिरलं आणि म्हणून हा लेख. मंडळी, आधी गोष्ट ऐका, मग भांडण.

माझ्या घरापासून दक्षिणेला गाडीनं पंधरा-वीस मिनिटांवर ब्रे हेड नावाची टेकडी आहे, थेट समुद्रात उतरलेली. तिथल्या जांभळ्या-हिरवट पाटीच्या दगडांत पंख्यासारख्या पसरलेल्या बारीक रेघा दिसतात. कुठल्या तरी जुन्या जिवानं चिखलात केलेल्या या खुणा, पन्नास कोटी वर्षांहून जुन्या. १८४० साली त्या टॉमस ओल्डहॅम या डब्लिनच्या तरुणाच्या नजरेत भरल्या, म्हणून १८४८ मध्ये त्यांना 'ओल्डहॅमिया' नाव मिळालं. हा ओल्डहॅम पुढे ट्रिनिटी कॉलेजात प्राध्यापक झाला, आयर्लंडच्या भूसर्वेक्षणाचा प्रमुख झाला, आणि १८५१ च्या मार्चमध्ये कलकत्त्याला उतरला. कंपनी सरकारला कोळसा हवा होता. ओल्डहॅमनं कोळसा तर शोधलाच, पण त्याबरोबर भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षण उभं केलं आणि १८६१ पासून 'पॅलिऑन्टॉलॉजिया इंडिका' ही भारतातल्या जीवाश्मांची ग्रंथमाला चालू केली. कोळशाच्या नोकरीत राहून किड्यांची पुस्तकं काढली म्हणा ना!

या सर्वेक्षणात पुढे आणखी एक आयरिश माणूस आला, हेन्री हेडन. जन्म डेरीचा, शिक्षण पुन्हा ट्रिनिटीचं. १९०० च्या आसपास तो हिमालयात स्पितीला गेला आणि पिन नदीला मिळणाऱ्या पराहिओच्या खोऱ्यात त्यानं ट्रायलोबाइट गोळा केले. ट्रायलोबाइट म्हणजे खेकडा, विंचू, झुरळ यांच्याच गोतावळ्यातले समुद्री प्राणी. अंगाचे उभे तीन खण, म्हणून हे नाव. सुमारे ५२ कोटी वर्षांपूर्वी ते दिसू लागले आणि २५ कोटी वर्षांपूर्वी पार नाहीसे झाले. हिमालयाच्या माथ्यावर समुद्रातला प्राणी कसा? तर तो माथा तेव्हा समुद्राचा तळ होता.

हेडनचे दगड केंब्रिजच्या कूपर रीडनं अभ्यासले. याच रीडनं त्याआधी इथल्या वॉटरफर्ड परगण्यातल्या ट्रायलोबाइटांवर लिहिलं होतं. १९१० साली त्याचा स्पितीवरचा ग्रंथ ओल्डहॅमच्याच ग्रंथमालेत आला आणि त्यात एका बारक्या ट्रायलोबाइटला त्यानं 'इंडिकस' नाव दिलं. प्रजाती त्यानं वेगळी मानली होती. नंतरच्यांनी ती दुरुस्त करून जिवाला ऑरिक्टोसेफॅलस या प्रजातीत नेलं. आज त्याचं पूर्ण नाव ऑरिक्टोसेफॅलस इंडिकस.

या घराण्याबद्दल थोडं सांगतो. कुलाचं नाव ऑरिक्टोसेफॅलिडी, १८९७ साली बीचर या अमेरिकन शास्त्रज्ञानं मांडलेलं. ऑरिक्टोसेफॅलस ही प्रजाती त्याआधीची, वॉलकॉटनं १८८६ मध्ये नेव्हाडातल्या दगडावरून ठरवलेली. ग्रीकमध्ये 'खणलेलं डोकं' असा काहीसा अर्थ. डोक्याच्या मधल्या उंचवट्यावर दोन्ही बाजूंना खळगे असतात, तीच या घराण्याची खूण. शेपटीला काटे. आकार बहुतेकांचा बोटाच्या पेराएवढा. ऑरिक्टोकारा, टोंकिनेला ही त्याच घराण्यातली भावंडं. टोंकिनेला नाव आलं व्हिएतनामच्या टोंकिनवरून. ही मंडळी उथळ किनारा सोडून जरा खोल पाण्यात राहायची, त्यामुळे दूरदूर पसरली. एकच जात चीनमध्ये, हिमालयात आणि पश्चिम अमेरिकेत मिळते. पसारा मोठा आणि त्या जातीचा काळ थोडका! भूशास्त्रज्ञाला याहून काय हवं? दोन खंडांतल्या दोन थरांत इंडिकस सापडला, की ते थर एका वयाचे हे कळतं.

म्हणून तर २०१८ साली पृथ्वीच्या कालगणनेत एक नवी सीमा पक्की झाली. केंब्रियन काळातल्या 'वुलियुअन' टप्प्याची सुरुवात कुठून मोजायची? तर जिथे ऑरिक्टोसेफॅलस इंडिकस पहिल्यांदा दिसतो तिथून. सगळ्या जगानं हे मान्य केलं. आणि अशा सीमेसाठी जगात एकच जागा नेमतात, तिला 'सोन्याचा खिळा' म्हणतात. तो खिळा लागला चीनच्या ग्वेइचौ प्रांतात, जिआनहे तालुक्यातल्या एका डोंगरउतारावर.

इथपर्यंत दादानं मुकाट ऐकलं. मग म्हणाला, "म्हणजे चोरलंच की! नाव आपलं, दगड इंग्रजांनी नेला आणि मान चिन्यांनी पळवला."

ऐकलंत? दहा मिनिटांपूर्वी हाच माणूस विचारत होता, पोरीला दगड फोडायला पाठवू का. आता तोच दगड राष्ट्राचा ठेवा झाला! आणि दादा एकटा नाही हो. आपल्याकडे घरोघरी हे दोन राग एकाच गळ्यात असतात. मुलांनी असलं काही शिकायचं म्हटलं की 'त्याचा उपयोग काय?' आणि दुसऱ्या कुणी शिकून नाव काढलं की 'आमचं लुटलं!' माझं म्हणणं सरळ आहे. पहिला प्रश्न विचारणाऱ्याला दुसरी तक्रार करायचा हक्क नाही.

आता चोरीचंच बघू. रीडनं ज्यांवरून वर्णन केलं ते मूळ नमुने कुठे आहेत? केंब्रिजला नाहीत, लंडनला नाहीत. ते कोलकात्यात आहेत, भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाकडे. इंग्रजांनी आपलं पुष्कळ नेलं, त्याची यादी मोठी आहे आणि ती विसरायचं कारण नाही. पण हा किडा त्या यादीत बसत नाही. तो घरीच आहे. १९९७ साली हिमालयातल्या या सगळ्या जुन्या ट्रायलोबाइटांची नव्यानं तपासणी छापून आली. लेखक दोन, एक ऑस्ट्रेलियातल्या क्वीन्सलंडचे जेल, दुसरे कॅलिफोर्नियात शिकवणारे ह्यूज. ठेवा आपल्या कपाटात आणि धूळ झटकायला माणसं सातासमुद्रापलीकडून!

आता चिन्यांचा मान. ग्वेइचौमधल्या त्या थरांवर तिथले चाओ युआनलाँग आणि त्यांचे सहकारी १९८० च्या दशकापासून काम करत होते. खिळा लागला २०१८ ला. मधली पस्तीस वर्षं मोजा. विद्यार्थ्यांच्या पिढ्या त्याच उतारावर थरामागून थर उकलत बसल्या. समोर स्पर्धक होता नेव्हाडातला स्प्लिट माउंटन. नाव दिलं म्हणून मान मिळत नाही. थर अखंड हवा, जीवाश्म भरपूर हवेत, जगभरच्या शास्त्रज्ञांना तिथे पोचता आलं पाहिजे आणि मुख्य म्हणजे काम झालेलं पाहिजे. पहिल्या दोन गोष्टी निसर्गाच्या, उरलेल्या माणसांच्या. अंतिम झुंज चीन आणि अमेरिकेत झाली. ज्या देशाचं नाव त्या किड्याला आहे तो देश मैदानात नव्हता.

भारतीयांनी काहीच केलं नाही असं म्हणणं मात्र खोटं होईल. २००९ साली पराहिओ आणि झंस्करच्या ट्रायलोबाइटांवर मोठा ग्रंथ आला, त्याच्या लेखकांत चिनी आणि अमेरिकन नावांबरोबर डेहराडूनच्या वाडिया संस्थेतले एक भारतीय आहेत. चंडीगडच्या पंजाब विद्यापीठातल्या मंडळींनीही स्पितीत काम केलंय. पण ही माणसं मूठभर. त्यांच्या मागे रांग हवी होती, आणि ती रांग आपण आपल्या दिवाणखान्यांतच मोडून टाकतो. अमुक पोराला कॉम्प्युटर, तमुक पोरीला कॉम्प्युटर... दगडाला कोण?

दादाचा पुढचा मुद्दा ठरलेला होता. "ते सगळं ठीक आहे, पण आपल्या महाराष्ट्रात कुठे आलेत तुझे किडे?" खरं आहे. आपला बहुतेक मुलूख काळ्या बेसॉल्टचा, सहा-साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्ह्याचा. ट्रायलोबाइट त्याच्या कितीतरी आधी संपले होते. पण मग माझं कॉम्प्युटर तरी साताऱ्याच्या मातीत कुठे उगवत होतं? त्यासाठी मी सरळ आयर्लंडला आलो आणि तुम्ही पेढे वाटलेत. पोरगी पुण्याहून स्पितीला गेली तर ते लांब?

आणि उपयोगाचाच हिशोब हवा असेल तर तोही घ्या. २०१४ च्या जुलैत माळीण डोंगराखाली गेलं, दीडशेहून जास्त माणसं गेली. २०२१ ला तळीये, २०२३ ला इर्शाळवाडी. कुठला उतार धरून आहे आणि कुठला सुटणार, हे वाचायला दगड वाचता येणारी माणसं लागतात. ती माणसं थर ओळखायला शिकतात ती अशाच 'निरुपयोगी' किड्यांवर. सर्वेक्षणातल्या जागांसाठी केंद्रीय लोकसेवा आयोगाची परीक्षा आहे, भूजलाचं राज्य सरकारचं खातं आहे. पगार माझ्याएवढा मिळणार नाही, हे मी पुतणीला लपवणार नाही. पाच-सहा वर्षं ओढाताण होईल, हेही नाही.

माझंही थोडं सांगून टाकतो. अकरावीत असताना अजिंक्यताऱ्यावरून गोळा केलेल्या गारगोट्यांचा एक डबा माझ्याकडे होता. इंजिनियरिंगला ॲडमिशन मिळाल्यावर आईनं विचारलं, हा ठेवायचा की टाकायचा? मी म्हटलं, टाक. कुणी जबरदस्ती केली नव्हती. म्हणून चिडतोय तो फक्त दादावर नाही.

शेवटी दादाला म्हटलं, "मी तिला कॉम्प्युटर घे म्हणून सांगणार नाही. पहिल्या दोन वर्षांची फी आणि हॉस्टेल माझ्याकडे लागलं."

दादा "बघू" म्हणाला. आमच्या घरात 'बघू' म्हणजे बहुतेक वेळा 'नाही'. प्रवेशाला अजून काही दिवस आहेत. रोज सकाळी फोन करायचा असं ठरवलंय.

असो. तुमच्याही घरात एखादं दगडवेडं पोर असेल, तर ॲडमिशनचा फॉर्म त्याच्या हातून काढून घेण्याआधी या इंडिकसची गोष्ट एकदा आठवा. आणि फॉर्म काढून घेतलातच, तर पुढे कधी 'आमचं चोरलं' म्हणून ओरडू नका.