उसना नायक



वार्षिकांकासाठी आलेले साहित्य वाचताना यंदा आम्हांस एका प्रश्नाने विशेष सतावले. आलेल्या कथांपैकी पुष्कळ कथांचे नायक आकाशात उडणारे, भिंती फोडणारे, डोळ्यांतून अग्नी सोडणारे असे होते. नावे तेवढी बदललेली. पराक्रम मात्र चित्रकथांतून आणि पडद्यावरून जसेच्या तसे उचललेले. त्यांपैकी एका कथालेखकास बोलावून आम्ही जाब विचारला, तेव्हा तो निरागसपणे म्हणाला, "सर, सगळेच असे घेतात. मोठे लेखकसुद्धा घेतातच की!"

प्रथम आम्ही रागावलो. परंतु शांतपणे विचार करता मुलाचे म्हणणे अर्धे खरे आहे, हे आम्हांस मान्य करावे लागले. मोठे लेखक घेतात खरे. पण ते कसे घेतात, हे त्याने पाहिले नव्हते. तेच येथे एका उदाहरणाने दाखवावे असे वाटते.

'डॉक्टर हू' ही विज्ञानकथामालिका ब्रिटनच्या बी.बी.सी.ने २३ नोव्हेंबर १९६३ रोजी सुरू केली. मध्यंतरी काही वर्षे बंद पडून २००५ साली ती पुन्हा सुरू झाली. तिचा नायक 'डॉक्टर' हा परग्रहवासी असून निळ्या पोलीस-पेटीच्या आकाराच्या यानातून तो काळ आणि अवकाश ओलांडीत असतो. २०१६ सालच्या नाताळात या मालिकेचा स्टीव्हन मॉफट यांनी लिहिलेला एक भाग दाखविण्यात आला. त्यात डॉक्टर न्यूयॉर्कमधील ग्रँट नावाच्या एका लहान मुलाच्या खोलीत येतो. खोलीत चित्रकथांच्या पुस्तकांचा पसारा. डॉक्टर ती चाळतो, सुपरमॅनच्या चित्रावर चष्मा काढतो, आणि सुपरमॅन व क्लार्क केंट हे एकच, असा आपण मोठा शोध लावला म्हणून हरखून जातो! मुलगा शांतपणे सांगतो की, हे सर्वांनाच ठाऊक आहे. किरणोत्सर्गी कोळी चावल्याने स्पायडरमॅनला शक्ती लाभली, ही कथा सांगू लागताच डॉक्टरला प्रथम आठवतो तो किरणोत्सर्गाने जडणारा आजार.

हाच ग्रँट डॉक्टरने हाती दिलेला एक विलक्षण खडा औषध समजून गिळतो आणि त्याच्या अंगी सुपरमॅनसारखे बळ येते. आता पाहा, येथे काहीही लपविलेले नाही. कोणाचे घेतले ते लेखक प्रथमच उघड सांगतो, थोडी थट्टाही करतो, आणि मग स्वतःची गोष्ट सुरू करतो. क्लार्क केंट हा वार्ताहर होता. येथे वार्ताहर आहे लूसी नावाची स्त्री, आणि मोठा झालेला ग्रँट तिच्या तान्ह्या मुलीस सांभाळण्याची नोकरी करतो. बाळाचे रडणे ऐकविणारे यंत्र तो जवळ बाळगतो, आणि आवाज येताच जगाचे रक्षण बाजूस ठेवून पाळण्याकडे धाव घेतो. बळ अधिक मोलाचे की माया, हा प्रश्न सुपरमॅनच्या उसन्या वेषातून लेखकाने स्वतः विचारला आहे.

शिवाय हे घेणे एका परीने जुन्या नात्याचे स्मरणही आहे. सुपरमॅनचे जनक जेरी सीगल आणि जो शुस्टर हे अमेरिकेतील क्लीव्हलंड शहरात एकाच शाळेत शिकणारे मित्र. सीगल याने शाळेच्या नियतकालिकात टारझनचे विडंबन लिहिले होते. १९३३ साली या दोघांनी 'सायन्स फिक्शन' याच नावाचे घरगुती मासिक काढले आणि त्यात त्यांचा पहिला 'सुपरमॅन' अवतरला. तोही दुष्ट म्हणून! आज सर्वांस ठाऊक असलेला सुपरमॅन १९३८ साली प्रसिद्ध झाला. म्हणजे हा नायक विज्ञानकथेच्याच मांडीवर खेळला, आणि त्याचा लेखकही प्रारंभी तुमच्यासारखाच शाळेच्या अंकात दुसऱ्याचा नायक घेऊन लिहीत होता.

परंतु पुढची हकीकत दुःखद आहे. त्या दोघांनी सुपरमॅनचे हक्क अवघ्या १३० डॉलरना विकले. १९४७ साली त्यांनी न्यायालयात दाद मागितली. त्यानंतर त्यांची नावेही चित्रकथांवरून नाहीशी झाली. जगभर नायकाचा जयजयकार, आणि जनक अंधारात! १९७५ साली लोकमताच्या दडपणामुळे त्यांना वर्षासन मिळाले व नावे पुन्हा छापली जाऊ लागली. दुसऱ्याच्या कथेखाली आपले नाव लिहिणारा विद्यार्थी नकळत याच अन्यायात भागीदार होतो, असे आमचे स्पष्ट मत आहे.

यावर काही पालक म्हणतील, "मग परदेशी नायक हवेतच कशाला?" हे आम्हांस पटत नाही. आगरकरांनी १८८३ साली 'विकारविलसित' प्रसिद्ध केले, तेव्हा ते शेक्सपिअरच्या 'हॅम्लेट'चे भाषांतर असल्याचे ग्रंथाच्या नावातच सांगितले. त्यामुळे आगरकरांचा मान उणावला नाही आणि मराठीचे धन वाढले.

आम्हा कोंकणी बोलणाऱ्यांच्या घरी, आणि मराठी घरांतही, एक रीत आहे. शेजारणीकडून वाटीभर साखर उसनी आणली, तर परत करताना वाटी रिकामी देत नाहीत. त्या वाटीने आणलेले विसरत नाहीत, आणि वाटी कोणाची हेही विसरत नाहीत. लेखनातही याहून निराळा नियम नसावा.

त्या विद्यार्थ्यास आम्ही कथा परत दिली आणि सांगितले, "नायकाचे खरे नाव लिही, त्याच्या जनकांची नावे लिही, आणि मग तो तुझ्या घरी आला तर काय करील ते सांग." आठ दिवसांनी त्याने नवी कथा आणून दिली. तीत भिंतीपार पाहणारा सुपरमॅन मोतीबिंदू झालेल्या आजोबांजवळ बसून त्यांना वर्तमानपत्र वाचून दाखवितो. आपल्या डोळ्यांचा याहून चांगला उपयोग त्याला आजवर कोणी सांगितलेला नसतो.

ती कथा याच अंकात आहे. तिच्या शिरोभागी सीगल आणि शुस्टर यांची नावे आहेत. अखेरीस आमच्या विद्यार्थ्याचे नाव आहे. दोन्ही नावे आपापल्या जागी शोभतात, याचे आम्हांस समाधान वाटते.